आवाज किती, आणि किती वेळ?

संगीत ऐकणं आणि कान सांभाळणं या विषयावरचे प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांनी विचारलंय ते एकच: 'एवढा आवाज चालेल का?' मी पुण्यात ऑडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर लोकांचे कान तपासते. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, 'किती वेळ?' कारण आवाज किती मोठा आणि तो कानावर किती वेळ पडला, या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. सारखेच प्रश्न असलेल्या पत्रांतून एकेक निवडलं आहे.

ताई, मी एकवीस वर्षांची आहे. पथकात ताशा वाजवते. सराव सुरू झाला की रात्री घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते, सकाळपर्यंत जाते. यंदा एकदा दोन दिवस राहिली. पथकातले दादा म्हणतात, सवय होईल. काही जण कापूस घालून वाजवतात. मला ताशा सोडायचा नाहीये. काय करू? (पुणे)

ताशा सोडू नकोस. हे आधी सांगते, कारण 'डॉक्टर वाजवणं बंद करायला सांगतील' या धास्तीने पथकातली मुलं तपासायलाच येत नाहीत आणि येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

दादांचं म्हणणं मात्र मनावर घेऊ नकोस. कानाला मोठ्या आवाजाची सवय होत नाही. ऐकू येणं कमी होतं, आणि म्हणून तोच ताशा पूर्वीइतका टोचत नाही. त्यालाच सगळे सवय म्हणतात.

आत काय घडतं ते सांगते. आतल्या कानात कॉक्लिया नावाचा वेटोळा भाग असतो. त्यात साधारण पंधरा हजार केशपेशी असतात. त्यांच्या टोकावरचे अतिसूक्ष्म तंतू ध्वनीच्या लहरींनी हलतात आणि त्यातून मज्जातंतूला संदेश जातो. आवाजाचा मारा झाला की हे तंतू वाकतात, पेशी दमतात. विश्रांती मिळाली तर बऱ्याचशा सावरतात. तुझी रात्रभराची शिट्टी आणि सरावानंतर कानाला बसणारे दडे हे त्या दमण्याचं लक्षण आहे. मारा पुन्हा पुन्हा झाला की पेशी मरतात. पक्ष्यांच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. माणसाच्या कानात येत नाहीत.

आणखी एक गोष्ट आम्हाला पूर्वी ठाऊक नव्हती. २००९ मध्ये बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. मोठा आवाज ऐकवल्यावर उंदरांचं ऐकणं काही दिवसांत तपासणीपुरतं पूर्ववत झालं, पण केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले बरेचसे जोड कायमचे तुटलेले निघाले. माणसात हे नेमकं किती प्रमाणात होतं यावर अजून संशोधन चालू आहे. पण सकाळी शिट्टी थांबली म्हणजे सगळं भरून निघालं, असं मी आता कोणालाही सांगत नाही. तुझी शिट्टी दोन दिवस राहिली, त्याची मला जास्त काळजी वाटते.

आता हिशोब. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेची मर्यादा जगभर वापरतात: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा. आपल्याला मात्र ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो, आणि फसगत होते ती इथेच.

ताशाच्या ओळीत मीटर धरला तर शंभराच्या वरचे आकडे सहज दिसतात. शंभरच धरले तरी दोन तासांच्या सरावात तू आठ दिवसांचा वाटा एका संध्याकाळी संपवतेस. पुलाखाली सराव असेल तर वरून आदळून परत येणाऱ्या आवाजाची आणखी भर. टोल वाजवणाऱ्या मुलांनाही हे सगळं लागू आहे, त्यांनाही हे पत्र वाचायला दे.

कापूस काढून टाक. त्याने उंच स्वर थोडेसे कमी होतात, ढोलाचा घुमारा जवळजवळ तसाच आत येतो, आणि कान झाकल्याचं समाधान मिळाल्यामुळे माणूस आणखी जवळ उभा राहतो. फोमचे इअरप्लग घे. मेडिकलमध्ये मिळतात, कारखान्यांना हातमोजे-हेल्मेट पुरवणाऱ्या दुकानात हमखास मिळतात, आणि महाग नसतात. पण ते घालायचे कसे हे पाकिटावरच्या चित्रावरून कोणालाच नीट कळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. हात धू. प्लग बोटांमध्ये वळून वळून जितका बारीक करता येईल तितका कर, घडी पडू देऊ नकोस. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढ. त्याने कानाची नळी सरळ होते. प्लग लगेच आत सरकव आणि बोटाच्या टोकाने तिथेच धरून ठेव. मनात तीस आकडे मोज. फोम फुगून नळीत बसायला एवढा वेळ लागतो, आणि घाईत बोट काढलं की तो बाहेर येतो. आता आरशात समोरून बघ. प्लग बाहेर डोकावताना दिसला तर तो बसलेला नाही, काढून पुन्हा घाल. नीट बसला असेल तर स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं वाटतं.

पाकिटावर ३० किंवा ३३ डेसिबल असं काहीतरी छापलेलं असतं. तो आकडा प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात निम्मा धरावा. पण निम्मा, म्हणजे १५ डेसिबल, कमी झाले तरी तुझे शंभराचे ८५ होतात, आणि १५ मिनिटांच्या जागी ८ तास मिळतात.

तू म्हणशील, फोम घातला की ताशाची धार जाते, ठेका कळत नाही. तक्रार रास्त आहे. फोम उंच स्वर जास्त कापतो आणि ताशाची सगळी गंमत तिथेच असते. त्यासाठी वादकांचे वेगळे प्लग असतात. त्यातल्या फिल्टरने सगळे स्वर साधारण सारखेच कमी होतात, म्हणून संगीत तसंच राहतं, फक्त दूर गेल्यासारखं वाटतं. ९, १५ आणि २५ डेसिबलचे फिल्टर मिळतात. तयार मापाचेही असतात आणि कानाचा साचा घेऊन बनवलेलेही. साचा घेताना आम्ही कानात आधी दोरा बांधलेला स्पंजचा बारीक तुकडा ठेवतो, म्हणजे पडद्याला काही लागत नाही, आणि मग सिलिकॉनचा मऊ लगदा भरतो. काही मिनिटांत तो घट्ट होतो. दुखत नाही, थंडगार वाटतं. खर्च बराच येतो, पण वर्षानुवर्षं वाजवणार असशील तर तो कर. तोवर फोम घालूनच सरावाला जा. दोन-तीन दिवस विचित्र वाटेल, मग हात आपोआप जुळतात.

आणि ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या स्वराला किती ऐकू येतं याचा आलेख, काढून घे. सरावानंतर लगेच नको; आधीचे चौदा-सोळा तास कान शांत असू दे, नाहीतर तात्पुरता थकवाही आलेखात उतरतो. आवाजाने झालेल्या इजेचा आलेख आम्ही लांबूनही ओळखतो: इतर स्वरांना रेघ सरळ आणि ४००० हर्ट्झच्या उंच स्वराच्या आसपास खड्डा, पुढे ८००० ला पुन्हा वर. पुष्कळ ठिकाणी ३००० आणि ६००० हर्ट्झ तपासत नाहीत, थेट दोनवरून चार आणि चारवरून आठवर जातात. तू ते मुद्दाम मागून घे. सुरुवातीचा खड्डा कधी कधी सहा हजारालाच असतो. दरवर्षी सराव सुरू व्हायच्या आधी एक आणि विसर्जनानंतर एक, अशा दोन तपासण्या ठेव आणि कागद जपून ठेव.

पथकाच्या प्रमुखांना एक विनंती कर. सरावात ताशांची ओळ दर अर्ध्या तासाने बाजूला घ्यायची, आणि नवीन मुलांना हात शिकवताना सगळ्यांनी पूर्ण जोराने वाजवायचं नाही. ठेका पाठ करायला जोर लागत नाही.

माझा मुलगा अकरावीत आहे. कॉलेजला जाता-येता लोकलमध्ये रोज दोन तास इअरबड लावून असतो. मी रागावले की म्हणतो, '६० टक्क्यांवरच आहे, सेफ आहे.' हे ६० टक्के खरे का? (डोंबिवली)

अगदीच खोटे नाहीत, पण त्यावर विसंबू नका. टक्के हे फोनच्या पट्टीवरचं अंतर आहे. एका फोनवर एका इअरबडला ६० टक्के म्हणजे ७५ डेसिबल असतील, दुसऱ्या जोडीला ८५. पट्टी पूर्ण चढवली की अनेक फोन कानात १०० डेसिबलपर्यंत आवाज देतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये फोन आणि इअरफोनसाठी एक मानक ठरवलं. त्यात आठवड्याचा हिशोब आहे: मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल, ४० तास. ही आठवड्याला मिळणारी खर्ची समजा. ८३ डेसिबलला ती २० तासांत संपते, ८६ ला १० तासांत, ८९ ला ५ तासांत. तुमच्या मुलाचे आठवड्याचे बारा तास फक्त लोकलचे. म्हणजे तो ८५ च्या आसपास ऐकत असेल तर त्याची खर्ची गाडीतच संपते, घरी ऐकायला काही उरत नाही.

खरी अडचण लोकलची आहे. गाडीचा खडखडाट, पंखे, माणसांचं बोलणं हे सगळं आधीच मोठं असतं. गाणं त्याच्या वर यायला हवं म्हणून बोट आपोआप पट्टी चढवतं. घरातल्या सोफ्यावर जे ६० टक्के असतात, ते मुंब्रा येईपर्यंत ८५ टक्के झालेले असतात आणि त्याला ते आठवतही नाही. तेव्हा भांडण आवाजावरून न करता इअरबडवरून करा. कानात घट्ट बसणारे, सिलिकॉनची टोपी असलेले इअरबड घ्या. सोबत लहान-मोठ्या मापाच्या टोप्या येतात, त्यातली योग्य कोणती हे एकदा बसून बघा. बहुतेक मुलं पहिल्या दिवशी लावलेलीच वर्षभर वापरतात. बाहेरचा गोंगाट कमी करणारे, नॉइज कॅन्सलिंगवाले परवडत असतील तर लोकलसाठी तो पैसा सत्कारणी लागतो. चाकांची घरघर, इंजिनाची गुणगुण असे खर्जातले सलग आवाज त्यात चांगले कमी होतात, आणि गाणं हळू ठेवूनही नीट ऐकू येतं. फक्त फलाटावर उतरल्यापासून ते कानातून बाहेर. रूळ ओलांडायचा तर प्रश्नच नाही. पूल आहे, त्यावरून जायचं.

त्याच्याकडे आयफोन असेल तर सेटिंगमध्ये हेडफोनच्या सुरक्षिततेचा भाग आहे, तिथे डेसिबलमध्ये कमाल मर्यादा घालता येते. ती ८० वर ठेवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डेसिबल दिसत नाहीत, पण कमाल आवाजाला कुलूप लावायची सोय बऱ्याचदा असते. तीही नसेल तर घरात, पंखा बंद करून, शांत खोलीत त्याला हवा तेवढा आवाज लावू द्या आणि तो टक्का लिहून ठेवा. बाहेर त्याच्या वर जायचं नाही. अकरावीच्या मुलाला तुमच्या रागापेक्षा हा करार पटतो, असा माझा अनुभव आहे.

'शेजारच्याला ऐकू आलं म्हणजे आवाज जास्त' या परीक्षेवर मात्र जाऊ नका. घट्ट बसणाऱ्या इअरबडमधून ९५ डेसिबलसुद्धा बाहेर येत नाहीत.

मी ७१ वर्षांचा. इचलकरंजीत सदतीस वर्षं यंत्रमाग चालवला. आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. नाट्यगीतं ऐकायला बसलो की घरचे म्हणतात रेडिओ केवढा मोठा केलाय. आणि नातू जवळ येऊन जोरात बोलला की मीच म्हणतो, ओरडू नको. हे काय आहे? आता संगीत पूर्वीसारखं ऐकू येईल का?

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सदतीस वर्षं मागापाशी उभं राहिलेल्या माणसाचं हे अगदी नेहमीचं दुखणं आहे. मागाच्या शेडमध्ये माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून बोलतात, इतका तिथला आवाज असतो. आपल्याकडे कारखान्यांसाठीची मर्यादा ९० डेसिबल, ८ तास अशी आहे. ८५ च्या हिशोबाने पाहिलं तर तीच जास्त आहे. त्यात बारा-बारा तासांची पाळी. कानाला कोणी काही दिलं असेल असं वाटत नाही.

आवाजाने आणि वयाने आधी उंच स्वर जातात. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे खर्जातले आणि जोरकस, ते ऐकू येतात. स, श, फ, थ ही व्यंजनं उंच पट्टीतली आणि हलकी, ती गळतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. सात म्हटलं की नुसतं 'आत' ऐकू येतं. आणि 'मोठ्याने बोल' म्हटल्यावर नातू मोठ्याने बोलला की तो टोचतो, याचं कारण केशपेशी कमी झाल्यावर ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यामधली जागाच अरुंद होते. तुमचा स्वभाव चिडका झालेला नाही, हे घरच्यांना हा मजकूर दाखवून सांगा. नातवाला म्हणावं, समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोल. ओरडायची गरज नाही.

गेलेलं ऐकणं औषधाने परत येत नाही. श्रवणयंत्राने बराच फरक पडतो, आणि दोन्ही कानांना लावली तर गर्दीतलं बोलणं सोडवायला जास्त मदत होते. यंत्र दुकानातून नुसतं उचलून आणू नका. ऑडिओग्राम काढून, त्याप्रमाणे जुळवून घ्या. उत्पन्न कमी असलेल्यांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा, किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात विचारा.

आता नाट्यगीतांचं. यंत्र घेतल्यावर पुष्कळ जण निराश होऊन सांगतात की पेटी बेसूर वाटते, बासरी थरथरते. याला कारण आहे. श्रवणयंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. शिट्टी वाजू नये म्हणून त्यात जी व्यवस्था असते, ती तानपुऱ्याच्या किंवा बासरीच्या लांब स्वरालाच शिट्टी समजते आणि तो कापायला जाते. गोंगाट कमी करणारी व्यवस्था पेटीच्या सलग स्वरालाही गोंगाट समजते. तेव्हा यंत्र जुळवून घेताना स्पष्ट सांगा, 'मला संगीतासाठी वेगळा प्रोग्राम हवा.' त्यात या दोन्ही व्यवस्था बंद किंवा सौम्य ठेवता येतात. यंत्र देणाऱ्याकडे तुमचं आवडतं गाणं सोबत घेऊन जा आणि तिथेच ऐकून जुळवून घ्या, आठवड्याने पुन्हा जा. तारुण्यातल्यासारखं ऐकू येईल असं वचन मी देणार नाही. पण शब्द, ताना आणि तबल्याचे बोल वेगवेगळे ओळखू येण्याइतकं माझ्याकडच्या तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना ऐकू येतं.

आणि तुमच्या घरात, ओळखीत अजून कोणी मागावर जात असेल तर वरच्या ताशेवाल्या मुलीला लिहिलेली फोमच्या प्लगची कृती त्याला वाचून दाखवा. ती जशीच्या तशी लागू आहे.

बाळ आठ महिन्यांचं आहे. विसर्जन मिरवणूक दाखवायला लक्ष्मी रस्त्यावर नेऊ का? (पुणे)

नको. सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे, म्हणजे पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतात आणि काही वर्षी सरासरी शंभराच्या वर गेलेली आहे. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या अरुंद रस्त्यात आवाज मोकळ्या मैदानासारखा विरत नाही. बाळ कानावर हात ठेवू शकत नाही, 'चला इथून' म्हणू शकत नाही. मानाच्या गणपतीचं दर्शन सकाळी मांडवात जाऊन घ्या. कधी जावंच लागलं तर बाळांच्या मापाचे, डोक्यावरून बसणारे इअरमफ मिळतात ते लावा आणि तरीही स्पीकरपासून दूर राहा. एवढ्या लहान मुलाच्या कानात प्लग कधीही घालू नका. ते काढून तोंडात घातले की घशात अडकतात.

आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर आहे. लग्न असो, जयंती असो, डॉल्बी घरासमोर तासन् तास उभी राहते. खिडक्यांची तावदानं थरथरतात. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. नियम काय आहे आणि आम्ही काय करायचं? (सातारा जिल्हा)

नियम २००० सालचे आहेत आणि स्पष्ट आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये. म्हणजे तुमच्या रस्त्यावर दिवसा ६५. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र. डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहून मी जे आकडे पाहते त्यांचा आणि या ६५ चा काही संबंध उरलेला नाही, आणि याचा मला संताप येतो. उत्सवाला माझा विरोध नाही. पण आजारी माणसाच्या दारात तासभर भिंत उभी करण्यात उत्सव कुठला आहे, हे मला कोणी समजावून सांगावं.

तक्रार ११२ वर करा, वेळ आणि ठिकाण सांगा, तक्रारीची नोंद मागा. एकट्याने करण्यापेक्षा गल्लीतल्या चार घरांनी मिळून मंडळाकडे आधीच जाणं जास्त उपयोगी पडतं. 'आमच्या घरासमोर थांबू नका, पुढे चौकात थांबा' एवढीच मागणी ठेवा. अंतराने खूप फरक पडतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात.

वडिलांना त्या दिवशी मागच्या खोलीत ठेवा, शक्य असेल तर नातेवाइकांकडे पाठवा. खिडक्या बंद केल्याने उंच स्वर अडतात, पण खर्जाचा ठोका भिंतीतूनही येतो आणि प्लगनेही फार कमी होत नाही. त्यांच्या हृदयाबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी मिरवणुकीच्या आधीच बोलून ठेवा.

अलका याज्ञिक यांना अचानक ऐकू येईनासं झालं हे वाचल्यापासून धास्ती बसली आहे. मी रोज हेडफोनवर गाणी ऐकतो. माझंही असं एका दिवसात होईल का? (नागपूर)

जून २०२४ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केलं होतं की विमानातून उतरल्यावर त्यांना ऐकू येईना, आणि डॉक्टरांनी विषाणूच्या हल्ल्यामुळे झालेली मज्जातंतूची दुर्मिळ इजा असं निदान केलं. हेडफोनमुळे हळूहळू होणारं नुकसान ही वेगळी गोष्ट. ते वर्षानुवर्षं साठतं आणि वरच्या पत्रांमधल्या हिशोबाने टाळता येतं. मोठ्या आवाजापासून सांभाळा, असं त्यांनीही तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ते योग्यच होतं.

पण अचानक ऐकू न येण्याबद्दल प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक हवी. सकाळी उठल्यावर किंवा दिवसा एकाएकी एका कानाला दडा बसला, आवाज फुटका किंवा दूरचा वाटू लागला, सोबत शिट्टी किंवा चक्कर असेल, तर मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका. तोंड मिटून 'म्' असा गुंजारव करून बघा. मळाने किंवा सर्दीने कान बंद असेल तर तो आवाज बंद कानात मोठा ऐकू येतो. तो चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाला इजा झाली असण्याची शक्यता आहे. हे घरगुती अनुमान आहे, निदान नाही, आणि उत्तर काहीही आलं तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि ऑडिओग्राम काढा. यावर स्टिरॉइडची औषधं देतात आणि ती पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर उपयोगाची शक्यता जास्त. दोन-तीन आठवडे गेले की आमच्या हाती फार काही उरत नाही. रविवार असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. मधल्या वेळात कानात कोमट तेल, लसणाचं तेल, काही घालू नका. त्याने आतल्या कानापर्यंत काही पोचत नाही, उलट पडदा तेलकट होतो आणि तपासणाऱ्याला तो नीट दिसत नाही.